महाराजबागेत बसलेली माय

मागच्या हिवाळ्यात एका रविवारी आम्ही घरचे सहा जण कुहीहून एस.टी.ने नागपूरला गेलो. दीक्षाभूमीसाठी तर दरवर्षी जातोच. या वेळी मात्र सभा नव्हती, मोर्चा नव्हता, दवाखान्याचे काम नव्हते. निव्वळ फिरायला गेलो. मुलीला महाराजबाग पाहायची होती. फडक्यात भाकरी, वांग्याची भाजी आणि मिरचीचा ठेचा. सोबत पंचाहत्तरी ओलांडलेली माय.

महाराजबाग ही नावाप्रमाणेच राजाची बाग. नागपूरकर भोसल्यांच्या काळातली. १८५३ साली तिसरे रघूजी वारले, वारस नाही असे ठरवून डलहौसीने १८५४ मध्ये राज्य खालसा केले आणि ही बाग इंग्रजांच्या हाती गेली. १८९४ साली येथे प्राणिसंग्रहालय झाले. आज तिची व्यवस्था डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडे आहे. तेलंगखेडीची बाग, फुटाळा तलाव, महालातील तुळशीबाग, हीसुद्धा भोसल्यांच्याच काळाची निशाणी. नागपूरचा माणूस हे कौतुकाने सांगतो. सांगावे, त्यात वावगे काही नाही.

पण बागेत एक गोष्ट घडली. मुले हिरवळीवर लोळू लागली, आम्ही सतरंजी अंथरली आणि माय मात्र कडेला उभीच राहिली. मी म्हटले, बस ना. ती हळूच म्हणाली, "बाबू, इथं बसलं त चालते ना? कोणी उठवून त देत नाही?"

घास हातातच राहिला. मायच्या माहेरच्या गावात मालगुजाराचा वाडा होता. वाड्यामागे बाग आणि तिला लागून आमराई. झाडांना आळी करायची, शेणखत वाहायचे, कुंपणाला काटे आणायचे, ही कामे आमच्या लोकांची. मजुरी बहुतेक वेळा नाहीच, कारण ती वेठ. विहीर बागेतच, पण तिला हात लावायची सोय नव्हती. तहान लागली तर वरून कोणी ओंजळीत पाणी ओतील तेव्हा प्यायचे. भाकर खायची ती कुंपणाबाहेर. ज्या झाडाला आपल्या बापाने खत घातले, त्याच्याखाली पडलेला आंबा उचलला म्हणून मायने लहानपणी मार खाल्ला होता. सत्तर वर्षे उलटली, पण बागेची हिरवळ पाहिली की पाय कडेलाच थांबतो.

ही एका मायची गोष्ट नाही. भोसल्यांच्या काळात गावचा सारा गोळा करणाऱ्यांना इंग्रजांनी १८६०च्या दशकातील बंदोबस्तात गावांचे मालक करून टाकले. मालकी कागदावर एकाची आणि राबणारे हात दुसऱ्यांचे, अशी ही व्यवस्था. नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी असताना १९५० साली कायदा झाला आणि मालगुजारी संपली. जंगल, पडीत जमीन, तलाव सरकारजमा झाले. त्या तलावांना आजही आपण मामा तलाव म्हणतो. मामा म्हणजे माजी मालगुजारी. मालगुजारी गेली, नाव मात्र मालगुजाराचेच राहिले! वाडे आणि घरच्या जमिनीही त्यांच्याकडेच राहिल्या. ज्यांनी पाळीवर माती टाकली, त्यांचे नाव ना तलावाला, ना बागेच्या पाटीला.

म्हणून महाराजबागेत मी मायला बाबासाहेबांच्या राज्यघटनेचे १५वे कलम सांगितले. त्यात दुकाने आणि उपाहारगृहे आहेतच, पण सरकारी पैशातून राखलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक राबत्याच्या जागाही आहेत. जात दाखवून तेथे कोणालाही अडवता येणार नाही. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्यावर जे पाणी प्यायले गेले, ते येथे कायद्याचे अक्षर झाले. ही हिरवळ त्या अक्षरात बसते.

शिवाय नागपूरच्या बागांशी आपले नाते काही परक्याचे नाही. जुलै १९४२ मध्ये येथल्याच मोहन पार्कवर बाबासाहेबांच्या उपस्थितीत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा निर्णय झाला. आणि तथागतांचे चरित्र पाहा. जन्म लुंबिनी वनात. बिंबिसार राजाने आपले वेळुवन संघाला दिले. जेत राजकुमाराची बाग अनाथपिंडिकाने सोन्याची नाणी अंथरून घेतली आणि भिक्खूंना अर्पण केली. आम्रपालीने आपली आमराई दिली. राजाची बाग सर्वांची व्हावी, ही शिकवण अडीच हजार वर्षांची आहे. आपल्याला ती कोणाकडून उसनी घ्यायची नाही.

पण मिळालेला हक्क राखावाही लागतो. अंबाझरी उद्यानातील डॉ. बाबासाहेब आंबेडकर सांस्कृतिक भवन २०२१ साली पाडले गेले, तेव्हा आपल्या आयाबहिणींनी धरणे धरले. त्यांनी समाजाला दाखवून दिले की बाग म्हणजे नुसती फुलझाडे नव्हेत. सार्वजनिक जागा विकासाच्या नावाखाली हळूच कंत्राटदाराच्या हाती गेली, तर कुंपण पुन्हा उभे राहते. फरक इतकाच की काट्यांच्या जागी तिकिटाची खिडकी येते. मजुराच्या घरातील सहा माणसांना त्या खिडकीचा दर परवडतो का, हा प्रश्न आपण विचारलाच पाहिजे.

बंधू-भगिनींनो, सुटीच्या दिवशी आपल्या म्हाताऱ्या मायबापांना बागेत न्या. वाडे पाहा, तलाव पाहा, राजांचा इतिहास मुलांना सांगा. पण तेवढ्यावर थांबू नका. ही माती कोणी वाहिली, तेही सांगा. घरातील म्हाताऱ्यांना विचारून वहीत उतरवून ठेवा. ती पिढी आता थोडीच उरली आहे आणि त्यांच्यानंतर सांगणारे कोणी नाही.

त्या दिवशी नातीनेच आजीचा हात धरून तिला सतरंजीवर नाही, सरळ गवतावर बसवले. माय थोडा वेळ गवतावरून हात फिरवीत राहिली. मग म्हणाली, "आन वं पोरी, भाकर काढ." आम्ही सारे जण बागेच्या मधोमध बसून जेवलो. कोणी उठवले नाही.