संस्थापक, मालक आणि चालक : पवईतील एका नवउद्योगाचा अभ्यास

१. प्रास्ताविक

गावातील किराणा दुकानदाराला गिऱ्हाईक, नोकर आणि घाऊक व्यापारी असे सारेच 'मालक' म्हणून हाक मारतात. दुकान सुरू करणारा तोच, त्यात पैसा घालणारा तोच आणि रोज गल्ल्यावर बसणाराही तोच. तिन्ही भूमिका एकाच व्यक्तीत सामावलेल्या असल्यामुळे त्यांच्यासाठी तीन शब्दांची गरज भासत नाही.

इंटरनेटच्या आधारे उभ्या राहणाऱ्या नवउद्योगात, म्हणजेच 'स्टार्टअप'मध्ये, ही गरज निर्माण होते. उद्योगाची कल्पना मांडून तो सुरू करणारा तो संस्थापक. कंपनीचे भाग, म्हणजे शेअर, ज्याच्या नावावर आहेत तो मालक. दैनंदिन कारभाराचे निर्णय घेणारा तो चालक. 'संस्थाचालक' या शब्दातील 'चालक' येथे अभिप्रेत आहे. या तीन भूमिका एकमेकींपासून कशा वेगळ्या होतात, हे पवईत सुरू झालेल्या हाउसिंग डॉट कॉम या कंपनीच्या उदाहरणावरून पाहू.

२. अडचणीतून उद्योग

पवई तलावाच्या काठी मुंबईची भारतीय तंत्रज्ञान संस्था, म्हणजेच आयआयटी, आहे. नव्या उद्योगांना प्रारंभीच्या काळात जागा व मार्गदर्शन मिळावे यासाठी या संस्थेत २००४ साली 'साइन' हे केंद्र स्थापन झाले. संस्थेच्या आवारात आणि भोवतालच्या वसाहतींत अनेक तरुणांनी आपले उद्योग सुरू केले.

हाउसिंग डॉट कॉम ही कंपनी २०१२ मध्ये याच संस्थेत शिकलेल्या बारा तरुणांनी सुरू केली. राहुल यादव हे त्यांपैकी एक. पुढे ते कंपनीचे मुख्य कार्यकारी अधिकारी झाले. मुंबईत भाड्याचे घर शोधण्याचा अनुभव हे या उद्योगाचे मूळ होते. अकरा महिन्यांचा करार, अनामत रक्कम, दलाली आणि जाहिरातीतील घर प्रत्यक्षात वेगळेच निघणे, या गोष्टी मुंबईकराला नव्या नाहीत. यावर या तरुणांनी योजलेला उपाय साधा होता. कंपनीची माणसे घरी जाऊन पडताळणी करत, छायाचित्रे घेत आणि ते घर संकेतस्थळावरील नकाशावर दाखवले जाई.

३. भांडवलाची गरज का भासते?

अशा व्यवसायात दोन पक्ष असतात : घर देणारा आणि घर शोधणारा. जेथे घरे अधिक तेथे शोधणारे येतात आणि जेथे शोधणारे अधिक तेथे घरे येतात. त्यामुळे जो आधी मोठा होतो, त्याला पुढे मोठे होणे सोपे जाते. साहजिकच उत्पन्न स्थिरावण्यापूर्वीच विस्तारावर खर्च करण्याकडे कल असतो. त्यातच प्रत्येक घराला भेट द्यायची म्हणजे नव्या शहरागणिक नवी माणसे नेमावी लागतात.

हा पैसा सहसा कर्जातून उभा राहत नाही. कर्ज व्याजासह फेडावे लागते, पण कर्ज देणारा मालक होत नाही. गुंतवणूकदार उद्योग बुडाल्यास आपला पैसा गमावण्याची जोखीम पत्करतो. त्या बदल्यात तो मालकीचा हिस्सा घेतो आणि बहुधा संचालक मंडळावर जागाही मागतो.

एक कल्पित उदाहरण घेऊ. दोन संस्थापकांकडे प्रत्येकी ५० टक्के भाग आहेत. पहिल्या गुंतवणूकदाराला नवे भाग देऊन २० टक्के हिस्सा दिला, की संस्थापकांकडे प्रत्येकी ४० टक्के उरतात. दुसऱ्याने २५ टक्के घेतले, की प्रत्येकी ३० टक्के. तिसऱ्याने २० टक्के घेतले, की प्रत्येकी २४ टक्के. आता दोघांचे मिळून ४८ टक्के, म्हणजे निम्म्याहून कमी झाले. हिस्सा घटला म्हणजे संपत्ती घटलीच असे नाही. १० लाखांच्या कंपनीचा अर्धा हिस्सा ५ लाखांचा असतो. १० कोटींच्या कंपनीचा २४ टक्के हिस्सा २ कोटी ४० लाखांचा होतो. मूल्य वाढते, पण निर्णयाचा अधिकार विभागला जातो.

४. तीन भूमिकांची फारकत

हाउसिंग डॉट कॉममध्ये अनेक गुंतवणूकदारांनी पैसा घातला. डिसेंबर २०१४ मध्ये जपानच्या सॉफ्टबँकेच्या पुढाकाराने कंपनीला ९ कोटी डॉलर मिळाले. त्यानंतर काही महिन्यांतच संस्थापक आणि संचालक मंडळ यांच्यातील मतभेद उघड झाले. यादव यांनी राजीनामा दिला आणि नंतर तो मागे घेतला. मे २०१५ मध्ये त्यांनी आपले सर्व वैयक्तिक भाग कंपनीच्या सुमारे २,२५० कर्मचाऱ्यांना देण्याचे जाहीर केले. त्यांचे मूल्य तेव्हा १५० ते २०० कोटी रुपये सांगितले गेले. १ जुलै २०१५ रोजी संचालक मंडळाने त्यांना मुख्य कार्यकारी अधिकारीपदावरून दूर केले.

या दोन घटनांचा क्रम लक्षात घ्या. प्रथम मालकी सोडली गेली, ती स्वेच्छेने. त्यानंतर चालकत्व गेले. ते मंडळाच्या निर्णयाने. उरले ते केवळ संस्थापकत्व. ते कोणाला देता येत नाही आणि कोणाला काढूनही घेता येत नाही; मात्र त्यातून आपोआप कोणताही अधिकार मिळत नाही.

संकेतस्थळ मात्र बंद पडले नाही. जानेवारी २०१७ मध्ये ही कंपनी प्रॉपटायगर या त्याच क्षेत्रातील कंपनीशी जोडली गेली आणि पुढे तिचे नियंत्रण ऑस्ट्रेलियातील आरईए समूहाकडे गेले. पवईत सुचलेली कल्पना टिकली. तिचे मालक आणि चालक बदलले.

५. समारोप

या प्रकरणात दोष कोणाचा, हे ठरवणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू नाही. बाहेरचे भांडवल घेणे चूक नव्हे. त्याशिवाय काही उद्योग उभेच राहू शकत नाहीत. परंतु पैसा स्वीकारताना आपण नेमके काय देत आहोत, हे ठाऊक असायला हवे. आपल्यापैकी कोणी भावाबरोबर दुकान, मैत्रिणींसह खाद्यपदार्थांचा व्यवसाय किंवा गावातील तरुणांसह एखादे अ‍ॅप सुरू करत असतील, तर 'हे आपल्या सगळ्यांचे आहे' हे वाक्य उच्चारण्यापूर्वी तीन प्रश्न स्वतंत्रपणे विचारावेत : सुरू कोणी केले? मालकी कोणाची, किती? आणि निर्णय कोण घेणार? उत्तरे वेगवेगळी असतील, तर ती संबंध गोडीचे असतानाच कागदावर उतरवावीत.

स्वाध्याय

१. कर्ज आणि भागभांडवल यांतील फरक स्पष्ट करा.
२. आपल्या परिसरातील एखादा व्यवसाय निवडून त्यातील संस्थापक, मालक व चालक कोण आहेत, हे दहा ओळींत लिहा.