इंचाला वर्ष

चिपळूणजवळच्या एका वाडीत मागच्या दारी बांधलेल्या मांडवाचे चारही खांब फुटले, असं कानावर आलं. मुंबईहून निवृत्त होऊन आलेल्या घरमालकांनी सुताराला बोलावलं होतं ते जवळजवळ जाब विचारायलाच. चारही खांब फुटलेत आणि मांडव तरीही उभा, हे काय गौडबंगाल म्हणून मीही गेलो.

खांब ऐनाचे, सहा बाय सहा इंचांचे. भेगा धडकी भरावी अशाच होत्या. एकीत माझ्या करंगळीचं टोक सहज शिरलं. "आप्पा, लाकूड खराब दिलंत तुम्ही," मालक म्हणाले. आप्पांनी पिशवीतून करवतीचं तुटकं पातं काढलं, भेगेत सरकवलं, अडलं तिथं नखाने धरून बाहेर घेतलं आणि मोजलं. अडीच इंच. पुढच्या खांबालाही तेवढंच. "गाभ्याशी थांबलीय. आरपार नाही," ते म्हणाले, आणि मग मालकांकडे न पाहता, "इंचाला वर्ष लागतं वाळायला. तुम्ही दोन महिने दिलेत."

इंचाला वर्ष हा जुना ठोकताळा. त्या हिशेबाने या खांबांना सहा वर्षं हवी होती. वास्तुशांतीची तारीख मात्र ठरलेली होती. लाकडातली ओल साधारण 30 टक्क्यांच्या खाली उतरली की ते आक्रसू लागतं. सगळीकडून सारखं आक्रसलं असतं तर नुसतं बारीक झालं असतं. पण गाभ्याकडून सालीकडे जितकं आक्रसतं, त्याच्या जवळपास दुप्पट ते वर्षकड्यांच्या अंगाने आक्रसतं. त्यामुळे गाभा मधोमध ठेवून काढलेला खांब वाळताना कुठेतरी उलणारच. त्यात ऐन मुळातच तडकणारं. उभ्या धाग्यांच्या दिशेने लाकूड फारसं आक्रसत नाही, आणि मांडवाचं ओझं त्याच धाग्यांवरून खाली उतरतं. म्हणून अशी उभी भेग दिसायला वाईट असली तरी खांब भार पेलत राहतो.

मालकांनी गेल्या उन्हाळ्यात भेगांत लांबी भरून वर रंग मारला होता. पावसात लाकूड फुगलं, लांबी चिरडून बाहेर आली आणि यंदा तिच्या कडेने नवी फट पडली. आप्पा ती लांबी पेचकसाने खरवडून काढत होते. "आत गेलेलं पाणी बाहेर कुठून येणार?" एवढंच बोलले. मला हे लांबीचं खूळ शहरी वाटतं: दिसेनासं झालं की दुरुस्त झालं!

त्याच आवारात मालकांच्या आजोबांच्या वेळचा गोठा आहे. त्याच्या खांबांच्या भेगा याहून रुंद, एकीत तर कुणीतरी विळा खोचून ठेवलेला. पण ते खांब दगडी तळखड्यावर उभे आहेत, जमिनीपासून चांगले वीतभर वर. मांडवाचे खांब थेट काँक्रीटमध्ये पुरलेले. आप्पांनी सरतेशेवटी तिथे, अगदी बुंध्याशी, पेचकस टेकवला आणि जरा दाबला. बाहेरचा पांढरट थर ओल्या खोबऱ्यासारखा आत गेला. दोन पावसाळ्यांत एवढं. घरमालक तेव्हा पहिल्यांदा गप्प झाले.

एका खांबावर तुळईच्या खाचेजवळची भेग बोल्टच्या भोकातून पलीकडे निघाली होती. आप्पांनी काळजीने पाहिलेली ती एकच. तिला लोखंडी पट्टी ठोकायची, खांबांच्या डोक्यांवर पत्र्याच्या टोप्या बसवायच्या आणि मांडव टेकूंवर धरून कुजकी टोकं कापून खाली दगड द्यायचे, असं ठरलं. बाकीच्या भेगा तशाच राहणार.

तुमच्याही मागच्या दारी असा मांडव असेल तर मे महिन्यात लांबीचा डबा आणू नका. पेचकस घ्या आणि खांबांच्या बुंध्याशी उकिडवे बसा.