व्हाळातलं कासव व्हाळाकडे

पहाटे साडेपाच

मृगाचा पहिला मोठा पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशी मी चहाच्या आधी रस्त्यावर असतो. कुडाळहून नेरूरपार, काळसे, धामापूर, चौके करत मालवणला जाणारा हा रस्ता. उन्हाळाभर चिखलात स्वतःला पुरून घेऊन पडलेली कासवं पहिल्या पावसाला जागी होतात, नव्या पाण्याच्या शोधात चालू लागतात आणि डांबर ओलांडताना चाकाखाली सापडतात. चढणीचे मासे धरायला गावातली पोरं याच वेळी व्हाळावर असतात, त्यांच्याकडून खबर लागते.

रस्त्यात जिवंत कासव दिसलं तर काम साधं आहे. त्याचं तोंड ज्या दिशेला होतं त्याच बाजूला, कडेच्या गवतात नेऊन ठेवायचं आणि पुढे व्हायचं. घरी आणायचं नाही, बादलीत घालायचं नाही, फोटोसाठी उलटं करायचं नाही. बहुतेक वेळा सुटका एवढीच असते, आणि माझ्या मते तीच सगळ्यात चांगली.

सव्वासात

वरच्या वाडीतल्या काकींचा फोन. पंप दुरुस्त करायला पोरगा बावीत उतरला होता, त्याला कासव मिळालं. "झिलान वर काडल्यान. घमेल्यात घालून ठेवलंय, बेगीन ये."

निघण्याआधी मी वनरक्षकांना फोन करतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात आपल्याकडचं मऊ पाठीचं कासव पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. पकडणं तर सोडाच, न कळवता जवळ ठेवणं हाही गुन्हा. शिक्षा तीन ते सात वर्षं कैद आणि दंड. आपला हेतू चांगला आहे म्हणून कायदा बाजूला होत नाही. नंबर माहीत नसेल तर वनविभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहेच. वनरक्षक म्हणाले, अकरापर्यंत पोचतो, तोवर हलवू नका.

आठ

पडवीत घमेलं, त्यावर ओलं पोतं. काकींनी पोतं टाकलं होतं ते फार बरं केलं. अंधार आणि ओलावा मिळाला की कासव शांत राहतं. आत मऊ पाठीचं कासव, ताटाएवढं. या कासवाच्या पाठीवर टणक खवल्या नसतात, गुळगुळीत कातडी असते, शेवाळी रंगाची. पोटाची बाजू फिकी. मागचे पाय आत ओढले की पोटाखालचे कातडीचे दोन पडदे वर येतात आणि माजघराच्या दाराच्या फळ्यांसारखे ते पाय बंद करून टाकतात. नाक पुढे निघालेलं, नळीसारखं, म्हणजे चिखलात बसूनही तेवढंच वर काढून श्वास घेता येतो. मान वाटते त्याहून बरीच लांब आणि चावा जबर, म्हणून धरायचं ते मागच्या पायांजवळच्या कडांना, दोन्ही हातांनी.

पायांना नखं तीन-तीन, चारी पायांची मिळून बारा. हे मी पोराला मोजायला लावतो, कारण 'वीस नखी' कासवाने पैशांचा पाऊस पडतो असं सांगणारे लोक गावोगाव फिरतात आणि त्यापायी महाराष्ट्रात कासवं विकली जातात, मारली जातात. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आला, तरी ही हाव संपलेली नाही. पोराने मोजली, पुन्हा मोजली. आता शाळेत तो चार जणांना तरी सांगेल.

मग खरं काम सुरू होतं, बोलण्याचं. कासव बावीत आलं कुठून?

"माजो सासरो घेवन इल्लो, पयल्या पावसात. कासव आसला की बावीचा पाणी निवळ ऱ्हवता."

ही समजूत कोकणात घरोघर आहे आणि ती वाईट मनाने कोणी धरलेली नाही. पाणी चांगलं राहावं म्हणून पूर्वजांनी केलेली व्यवस्था असंच सगळ्यांना वाटतं. म्हणून काकींना मी चूक म्हणत नाही, कासवाची बाजू सांगतो. ते बेडकांची पिल्लं, गोगलगायी, मेलेला मासा खातं, पाणवनस्पतीही खातं. पण त्याची विष्ठा त्याच पाण्यात राहते, मग पाणी निवळ कसलं? बावीच्या चिऱ्यांच्या उभ्या भिंती त्याला चढता येत नाहीत. उन्हाला बसायला काठ नाही. आणि मादी असली तर अंडी घालायला तिला माती हवी, पाण्यात घातलेली अंडी उबत नाहीत.

काकी बराच वेळ घमेल्याकडे बघत राहिल्या. "मगे इतक्या वर्सांत तेका पोरां खंयसून होतली?"

मला हवा होता तो तपशील यानंतर मिळाला. सासऱ्यांनी ते धामापूरच्या तलावातून आणलं नव्हतं. खालच्या मळ्यात, व्हाळाच्या कडेला सापडलं होतं.

अकरा

वनरक्षक आले. पंचनामा, पाठीची लांबी-रुंदी टेपने, वजन काट्यावर. शेपूट आखूड, म्हणजे मादी. डोळे स्वच्छ, पायांत जोर. तोंडाच्या कडेला गरीची तार दिसते का ते आम्ही नीट पाहिलं. गरी गिळलेली असती तर तार ओढायची नसते, आतलं सगळं फाटतं. एक्स-रे आणि पशुवैद्य लागले असते. तसं काही नव्हतं. इतकी वर्षं तिला कोणी खायला घातलं नव्हतं, स्वतःचं स्वतः शोधून ती जगली होती. म्हणजे सोडण्याआधी शिकवण्यासारखंही काही नव्हतं. काकींनी स्वतःहून कळवलं, हे वनरक्षकांनी पंचनाम्यात आवर्जून लिहिलं.

दुपारी दोन

पडवीत आता निम्मी वाडी जमली आहे आणि प्रत्येकाचं मत आहे. एक जण म्हणतो, मालवणला दर्यात सोडा, कासवं दर्यातलीच. आमच्या जिल्ह्यात असं वाटणं स्वाभाविक आहे. वेंगुर्ल्याच्या वायंगणीला ऑलिव्ह रिडलेची पिल्लं समुद्रात जाताना बघायला लोक येतात. तिकडे रत्नागिरीत वेळासला सह्याद्री निसर्ग मित्रने २००२ पासून या कासवांसाठी काम उभं केलं, ते सगळ्यांनी ऐकलेलं असतं. समुद्री कासवाला माणसं मिळाली याचा मला मनापासून आनंद आहे. पण गोड्या पाण्यातलं कासव खाऱ्या लाटांत टाकणं म्हणजे त्याला मारणं. डोंगरावरचं जमिनीवर राहणारं कासव पाण्यात टाकलं तर ते बुडतं. तेही लोक दयेपोटीच करतात.

बाकी सगळ्यांचा कौल धामापूरच्या तलावाला. साहजिकच. विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी १५३० मध्ये दोन डोंगरांमध्ये बांध घालून हे पाणी अडवलं. काठावर भगवतीचं देऊळ, भोवती झाडी. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन आयोगाने त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळ म्हटलं. त्याहून सुंदर जागा कासवाला कुठली मिळणार?

पण सुंदर जागा आपल्याला दिसते. कासवाला चिखल लागतो, आडोसा लागतो, ओळखीचं पाणी लागतं. परक्या पाण्यात सोडलेलं कासव कितीदा जुन्या जागेकडे चालू लागतं आणि वाटेत रस्ता असतोच. शिवाय बावीत वर्षं काढलेल्या जिवाबरोबर कुठले जंतू तलावात जातील ते सांगता येत नाही. जिथून उचललं तिथे, ती जागा अजून जगण्याजोगी असेल तर. व्हाळ अजून वाहतो, मळ्यात भात होतं. वनरक्षकांनाही ते पटलं.

साडेतीन

याच वेळी एक गाडी थांबली. शहरातलं कुटुंब, मुलीच्या हातात प्लास्टिकचा डबा, डब्यात लाल कानाचं कासव. फ्लॅटमधली टाकी त्याला अपुरी पडू लागली होती. तलावात सोडलं तर मोकळं जगेल, असं त्यांना वाटत होतं. मुलीच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मला तिला नाही म्हणावं लागलं.

हे कासव मूळचं अमेरिकेतलं, मिसिसिपीच्या खोऱ्यातलं. जगातल्या सगळ्यात उपद्रवी शंभर परक्या जातींच्या यादीत ते आहे. लहानपणी रुपयाएवढं असताना विकतात, पुढे ते वाढतं, दांडगं होतं, वर्षानुवर्षं जगतं आणि इथल्या कासवांची उन्हाची जागा, खाणं, सगळं बळकावतं. आपल्याकडच्या ज्या पाण्यात ते एकदा शिरलं तिथून काढणं जवळजवळ अशक्य. मी मुलीला सांगितलं, याला सोडू नकोस, मोठी टाकी कर, उन्हाला दगड ठेव, शेवटपर्यंत सांभाळ. ते निसर्गातलं आहे हे खरं, पण या निसर्गातलं नाही. तिने डबा पुन्हा मांडीवर घेतला.

साडेपाच

ऊन उतरलं, कावळे-कुत्रे कमी झाले. घमेलं घेऊन आम्ही मळ्यात उतरलो. भाताची पेर झालेली, मेरांवर पाणी. वनरक्षकांनी घमेलं व्हाळाच्या काठावर, उथळ पाण्यापाशी आडवं केलं. कासव कधी फेकायचं नाही, त्याचं त्याला जाऊ द्यायचं. तिने आधी नाक बाहेर काढलं, मग मान. मागचे पडदे उघडले, पाय चिखलात रुतले आणि ती तिरपी होत गढूळ पाण्यात शिरली. पोराने विचारलं, आता परत दिसेल का? दिसू नये, वनरक्षक म्हणाले.

सात

साबणाने हात, घमेलं धुऊन झालं. कासवाच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो, हे पोराला सांगून झालं. काकींच्या बावीत चढायला फळी टाकायची ठरली, म्हणजे यापुढे बेडूक, साप, कासव पडलं तरी वर येईल. चहा देताना काकींनी हळूच वाडीतल्या आणखी दोन घरांची नावं घेतली. तिथल्या बावींतही कासवं आहेत. मी उद्या सकाळी जातो म्हटलं.

"एकलो जाव नको," काकी म्हणाल्या. "मिया येतंय वांगडा. तुजा ती आयकाची नाय, माजा आयकतली."