एका हौदातल्या नक्ष्या

बोहेमियन धाटणीची खोली म्हटली, की आज साधारण एकच चित्र समोर येतं. पलंगावर कोयऱ्यांची चादर, तिच्यावर पट्ट्यांच्या आणि बुट्ट्यांच्या उशा, खाली फुलांचा गालिचा, भिंतीवर आरसेकाम. एकमेकींची ओळखपाळख नसलेल्या या नक्ष्या एकत्र नांदतात आणि तरीही खोलीत कलकलाट होत नाही. गेल्या साठेक वर्षांचा माग काढला, की एक गोष्ट मला ठळक दिसते. ही जुळणी घर सजवणाऱ्यांच्या नजरेने जेवढी साधली, त्याहून जास्त ती कापड रंगवणाऱ्यांच्या हौदात आधीच झालेली होती.

नाव आलं पॅरिसमधून. तिथल्या फाटक्या खिशाच्या कलावंतांच्या आयुष्यावर आंरी म्युर्जेचं पुस्तक १८५१ मध्ये निघालं आणि ‘बोहेमियन’ हा शब्द रुळला. त्यांच्या खोल्यांत जुन्या बाजारातून मिळेल ते येई. आज आपण ज्याला बोहेमियन सजावट म्हणतो, तिचा बराचसा ऐवज मात्र १९६० नंतर पूर्वेकडून गेला. इस्तंबूल, तेहरान, काबूल, लाहोर, दिल्ली आणि पुढे काठमांडू किंवा गोवा या वाटेने आलेली पश्चिमेकडची तरुण हिप्पी मंडळी परतताना गालिचे, भरतकाम आणि छापील चादरी घेऊन गेली. १९७९ मध्ये इराणमधली क्रांती आणि अफगाणिस्तानातलं सोव्हिएत आक्रमण यांनी ती वाट बंद केली, पण तोवर कापड घरोघर पोहोचलं होतं. व्यापारही उभा राहिला होता. जॉन बिसेल यांनी १९६० मध्ये दिल्लीत फॅबइंडिया सुरू केली ती निर्यातीसाठी, आणि लंडनचं हॅबिटॅट हे घरसामानाचं दुकान तिचं मोठं गिऱ्हाईक झालं. १९७० मध्ये जयपुरात ठसाछपाईच्या कापडांची अनोखी सुरू झाली.

या सगळ्यात खरी गंमत आहे ती छिप्यांच्या, म्हणजे ठशांनी कापड छापणाऱ्यांच्या, अंगणात. राजस्थानात बगरूला कापड आधी हिरड्याच्या पाण्यात बुडवतात, त्यामुळे जमीन पांढरीफेक न राहता पिवळसर होते. लोखंडाचा गंज आणि गूळ आंबवून काळा रंग तयार करतात. तुरटीचा छाप मारून कापड अलिझरीन या लाल रंगद्रव्याच्या पाण्यात उकळलं की लाल उमटतो. चिखलाचा डाबू, म्हणजे रंग अडवणारा लेप, लावून कापड निळीत बुडवलं की उरलेल्या जागी निळा येतो. एवढ्या तीन-चार रंगांतच सगळा खेळ. ठसा हाताला पेलेल एवढाच, त्यामुळे नक्षीचा आकारही आवाक्यातला. मग बुट्टी असो, पट्टा असो की जाळी, त्या अंगणातून निघालेलं कुठलंही कापड दुसऱ्याशेजारी टाका, रंगांचं नातं आधीच जुळलेलं असतं. कच्छमधल्या धमडक्याच्या अजरख या ठसाछपाईची भूमिती बगरूच्या बुट्टीहून कितीतरी वेगळी, पण लाल, निळा, काळा तिथेही आहेतच, म्हणून दोन्ही एका पलंगावर खपून जातात.

हे रंग अगदी अस्सल वनस्पतींचेच होते असं मी म्हणणार नाही. अलिझरीन जर्मनीत १८६८ मध्येच प्रयोगशाळेत तयार झालं होतं आणि १८९७ पासून नीळही कारखान्यातून येऊ लागली. धमडक्यात वनस्पतिरंग पुन्हा रुजवण्यासाठी खत्री महंमद सिद्दीक यांना १९७०च्या दशकात मुद्दाम कष्ट घ्यावे लागले. पण रंग कुठूनही आले, तरी छिप्यांनी आपली छटांची मर्यादा सांभाळली, आणि त्या मर्यादेनेच परदेशातल्या हजारो खोल्या सावरल्या.

गोव्यात हणजुण्याच्या बुधवारच्या बाजाराची गोष्ट थोडी वेगळी. परतीच्या खर्चासाठी स्वतःचं सामान विकणाऱ्या हिप्पींनी तो सुरू केला. पुढे कर्नाटकातून येणाऱ्या लमाणी बायकांनी तिथे आपली तुकडेकामाची, आरशांची, कवड्यांची कापडं मांडली. इथे मिसळण खोलीत होत नाही, कापडावरच होते. आपल्याकडची गोधडी याच कुळातली. नऊवारीचा काठ, धोतर, खणाचा तुकडा, कुणाचं परकर-पोलकं, असं सगळं तिच्यात येतं. या विजोड तुकड्यांना धरून ठेवतो तो धावदोरा. कडेपासून आत आत येणाऱ्या त्याच्या ओळी सगळ्या तुकड्यांवरून सारख्याच जातात, आणि धुऊन धुऊन विटलेले रंग एकमेकांच्या जवळ येतात. इतक्या बारकाईने नक्ष्या मिसळणाऱ्या आपल्या बायकांची नावं सजावटीच्या पुस्तकांत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पुढची पायरी छायाचित्रांची. २०१५ मध्ये जस्टिना ब्लेकनी यांचं ‘द न्यू बोहेमियन्स’ हे घरसजावटीचं पुस्तक आलं. नक्ष्या, झाडं आणि भडक रंग यांनी भरलेली तसली घरं इन्स्टाग्रामवर जगभर गेली. मागणी वाढली आणि डिजिटल छपाईने ती भागवली. ठशाची मर्यादा गेली, छटांची गेली. पॉलिएस्टरवर तुकडेकामाचं नुसतं चित्र छापता येऊ लागलं, शिवणीसकट. आणि इथेच मिसळण अवघड झाली. एका चादरीचा लाल गुलाबीकडे झुकलेला, दुसरीचा नारिंगीकडे. एकीचा पांढरा निळसर, दुसरीचा दुधी. नक्ष्या जुळत नाहीत असं वाटून लोकांनी नक्षीच सोडली. गेल्या काही वर्षांत ‘बोहो’ नावाने विकल्या जाणाऱ्या कितीतरी खोल्या वेत, सुती गाठकाम आणि फिका मातकट रंग एवढ्यावरच थांबलेल्या दिसतात. माझ्या मते ही मोठी हानी आहे, कारण या धाटणीचा जीवच नक्षीत होता.

मराठी घरात नव्याने सुरुवात करायची असेल, तर मी गोधडीपासून करीन. तिच्यातले दोनच रंग उचलावेत आणि त्यांना धरून मोठ्या नक्षीचं एक कापड घ्यावं, अजरख उत्तम. त्याच्याजवळ बारीक बुट्टीचं बगरू. गुळेदगुड्डच्या खणाच्या उशा दोनच पुरेत. खणाला रेशमाची चमक असते, उशा जास्त झाल्या तर बाकीचं सुती कापड निस्तेज दिसतं. पडदे मात्र बिनछपाईच्या कोऱ्या मांजरपाटाचे असावेत. हिरड्याच्या पिवळसर जमिनीशी त्याचा रंग सहज जुळतो.