पाच आणे चार पै



मागे एकदा वाशिंदजवळच्या एका गावी भाताची खाचरे पाहायला गेलो होतो. काम आटोपून एका घरी ओटीवर चहाला बसलो, तर तिथे वाटणीचा विषय निघालेला. सत्तरी ओलांडलेले आजोबा आणि त्यांचे तीन मुलगे, मुलगी नाही. जमीन बरोबर एक हेक्टर. तिघांना सारखी द्यायची, यावर कोणाचेच दुमत नव्हते. वाद होता तो कच्च्या कागदावरच्या आकड्यांचा. थोरल्यापुढे ०.३३.३४ लिहिलेले, मधल्या आणि धाकट्यापुढे ०.३३.३३. धाकटा म्हणाला, "सारखी वाटणी ना? मग दादाला एक जास्त का?" थोरला रागाने गप्प. घरातल्या बायका दाराआड काळजीत उभ्या.

आजोबा वैतागून म्हणाले, "आमच्या वेळी असला घोळ नव्हता. तिघांना पाच आणे चार पै, की झालं!"

आजोबांचे म्हणणे अगदी खरे होते. जुन्या रुपयाचे १६ आणे आणि एका आण्याच्या १२ पै, म्हणजे रुपयाच्या १९२ पै. त्याला तिनाने भागा, बरोबर ६४ पै येतात. ६४ पै म्हणजेच पाच आणे चार पै. बाकी शून्य. म्हणून जमिनीतला तिसरा हिस्साही त्या काळी तसाच सांगत. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली, पुढे मापेही दशमान झाली, आणि आपला हिशोब दहाच्या पटीत सुरू झाला.

आजोबांची नात नववीत शिकत होती. तिने वही आणून १ ला ३ ने भागून दाखवले. ०.३, मग ०.३३, मग ०.३३३, दर वेळी बाकी १ उरते आणि पुन्हा ३ च येतात. हा भागाकार कधी संपतच नाही. "काका, कुठेतरी तोडावंच लागतं," ती म्हणाली.

आता कुठे तोडले म्हणजे काय होते ते पाहा. ०.३ वर तोडले तर तिघांचे मिळून ०.९ हेक्टर, म्हणजे १० आर गायब! ०.३३ वर तोडले तर १ आर गायब. ०.३३३३ पर्यंत गेलो तर उरतो फक्त एक चौरस मीटर. कागदावरची बेरीज पुरी एक हेक्टर यावी म्हणून तो कोणाच्या तरी नावे घालावा लागतो. थोरल्याकडचे 'एक जास्त' ते एवढेच. हे कळल्यावर थोरला म्हणाला, "मग तो धाकट्याच्या नावे टाका." ओटीवरचा ताण तिथेच सैल झाला.

सगळेच अपूर्णांक असे अडवत नाहीत. अपूर्णांक आधी लहानात लहान करा, मग छेद पाहा. छेदात फक्त २ आणि ५ हेच मूळ अवयव असतील तर दशांश संपतो. १/२ म्हणजे ०.५, १/४ म्हणजे ०.२५, १/५ म्हणजे ०.२, १/८ म्हणजे ०.१२५. पण १/३, १/६, १/७ हे संपत नाहीत. १/७ मध्ये १४२८५७ हेच आकडे पुन्हा पुन्हा येतात. उलट, पाच भाऊ असते तर आजोबांच्या १९२ पैंची पंचाईत झाली असती!

आणखी दोन गोष्टी सांभाळा. पाच आर ०.०५.०० असे लिहितात. कोणी नुसते ०.५ हेक्टर लिहिले तर ते ५० आर होतात, दहापट! दुसरे, आपण आर म्हणजेच गुंठा धरतो. खताच्या हिशोबाला ते चालेल, खरेदीखताला नाही. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, सुमारे १०१.१७ चौरस मीटर. आर म्हणजे १००. एका हेक्टरात एक गुंठ्याहून अधिकच फरक पडतो.

वाटणी झाली तरी हिशोब सुटत नाही. धाकट्याने लगेच विचारले, "साहेब, माझ्या तुकड्याला खत किती?" कोकणात सुधारित भाताला हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद, ५० किलो पालाश अशी सर्वसाधारण शिफारस आहे. त्याच्या तिसऱ्या हिश्शाला नत्र ३३.३३ किलो, स्फुरद व पालाश प्रत्येकी १६.६७ किलो लागेल.

१५:१५:१५ मिश्र खताच्या एका किलोत प्रत्येक अन्नद्रव्य ०.१५ किलो असते. जे माहीत नाही त्याला 'क्ष' म्हणा :

०.१५ × क्ष = १६.६७, म्हणून क्ष = सुमारे १११ किलो.

म्हणजे ५० किलोच्या दोन गोण्या आणि वर ११ किलो. स्फुरद, पालाश पुरे झाले; नत्र मात्र निम्मेच झाले. राहिलेले १६.६७ किलो युरियातून द्यायचे. युरियात नत्र ४६ टक्के :

०.४६ × क्ष = १६.६७, म्हणून क्ष = सुमारे ३६ किलो.

मुलांच्या पुस्तकातले एकरेषीय समीकरण ते हेच. मिश्र खत चिखलणीच्या वेळी द्या. युरिया पुढे फुटवे येताना आणि पोटरीच्या वेळी विभागून द्या. युरियाची गोणी २०१८ पासून ४५ किलोची आहे, ५० ची धरू नका. आणि 'हेक्टरी' आकडा 'एकरी' समजून टाकलात तर खत जवळजवळ अडीचपट पडेल. मग भात लोळते, तुडतुडे वाढतात, पैसाही मातीत जातो. मातीपरीक्षण केले असेल तर त्यातलाच आकडा धरा.

तेव्हा खताच्या दुकानी जाण्याआधी आणि वाटणीच्या कागदावर सही करण्याआधी घरातल्या शाळकरी मुलामुलींना वही घेऊन शेजारी बसवा. आकडा मधेच तोडू नका, शेवटी तोडा. आणि काय तोडले ते सगळ्यांना दाखवा. एक चौरस मीटरसाठी भावाशी बोलणे तुटू देऊ नका.