घर बदलताय? भित्र्या कुत्र्यासाठी एवढं करा

पुणे-मुंबईहून तळेगाव, कामशेत किंवा लोणावळ्यात बिऱ्हाड हलवताय आणि सोबत घाबरट कुत्रा आहे? मग हे नक्की वाचा.

माणसाला साधारण 20,000 हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला सुमारे 45,000 पर्यंत. त्यात लोकलचा भोंगा, घाटातला विजांचा कडकडाट, शनिवार-रविवारची वर्दळ हे सगळं त्याच्यासाठी फार मोठं असतं.

🐾 सामान उतरवण्याआधी एक शांत कोपरा ठरवा. तिथे त्याचं जुनं अंथरूण न धुता ठेवा. ओळखीच्या वासानं त्याला धीर येतो.

🐾 जेवणाच्या आणि फिरण्याच्या वेळा जुन्याच ठेवा.

🐾 गडगडाटाचा आवाज मोबाइलवर अगदी बारीक लावा आणि त्याच वेळी उकडलेल्या चिकनचा तुकडा द्या. तो निवांत असेल तरच आवाज किंचित वाढवा. रोज पाच मिनिटं पुरे.

🐾 वारंवार जांभया, ओठ चाटणं, पायात शेपूट ही ताणाची लक्षणं. रागावू नका, ओढू नका. जवळ घेतल्यानं भीती वाढते हा गैरसमज आहे.

🐾 खाऊ म्हणून चिक्की नको. चॉकलेट फज तर कुत्र्यांसाठी विषारीच.

🐾 गळपट्ट्यावर तुमचा फोन नंबर हवाच. पावसाळ्याआधी लेप्टोस्पायरोसिसची लस घेतली आहे ना, तेही पाहा.

दिवसभर अन्नाला तोंड लावलं नाही, तर पशुवैद्यांना दाखवा.

नव्या घरात रुळायला त्याला काही आठवडे लागू शकतात. तेवढा वेळ त्याला द्याच!