हजार लिटरचा ब्लोअर

पहाटे पाच. फौज सोडून अकरा वर्षं झाली, तरी पाचला डोळा उघडतोच. पूर्वी मीना नदीच्या पुलापर्यंत पळून यायचो. आता बिबट्याच्या भीतीनं बायको उजाडेपर्यंत कडी काढू देत नाही. रणगाड्याच्या पोटाखाली वर्षानुवर्षं पाठ घासलेला माणूस मांजराच्या जातीला भिऊन चहा पीत बसतो, हे बाहेर सांगण्यासारखं नाही.

सात. नारायणगावच्या टोमॅटो बाजाराकडे निघालेल्या पिकअपची रांग लागलेली. एकाचा क्लच जळाला. त्याला बाजूला ढकललं, क्रेट दुसऱ्या गाडीत चढवले. हे रोजचंच.

आठ. गॅरेजचं शटर, उदबत्ती, कंप्रेसर. भिंतीवर देवाच्या शेजारी टी-७२ रणगाड्याचा फोटो आहे. आपल्याकडे त्याचं नाव अजेय. मी ईएमईत, म्हणजे फौजेच्या दुरुस्ती दलात, ट्रॅकवाल्या गाड्यांचा मेकॅनिक होतो, आणि माझी निम्मी नोकरी या एका गाडीच्या इंजिनात गेली. ते आडवं बसतं. शेजारच्या गिअरपेटीशी त्याची रेघ केसाएवढीही चुकून चालत नाही. दिवसात इंजिन बदलून गाडी चालती केली की साहेब पाठ थोपटायचे.

साडेनऊ. द्राक्षबागेवाले आबा आले. अठ्ठावीस वर्षांचा, चोवीस हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर. ऑक्टोबर छाटणी झालेली, द्राक्षाच्या फवारण्या तोंडावर.

"फौजी, याला हजार लिटरचा ब्लोअर जोडून दे."

"आबा, सहाशेचा आहे ना तुमच्याकडं?"

"दोन हेलपाटे वाचतात रे."

हजार लिटर म्हणजे नुसतं पाणीच एक टन, लोखंड वेगळं. मी म्हटलं, "इंजिन ओढेल हो, पण उतारावर थांबवणार कोण?" आबांनी ब्रेककडं पाहिलंच नाही, माझ्याकडं पाहिलं. मग त्यांना चहा पाजला आणि रणगाडा सांगितला. माझ्याकडं दुसरी गोष्ट नाही.

टी-७२ आपल्याकडे १९७० च्या दशकाच्या अखेरीला सोव्हिएत रशियातून आला, मग चेन्नईजवळच्या आवडीत बनू लागला. वजन साडेएक्केचाळीस टन, इंजिन ७८० हॉर्सपॉवर. त्या इंजिनाचं घराणं दुसऱ्या महायुद्धातल्या टी-३४ पर्यंत जातं. म्हणजे आबांच्या ट्रॅक्टरपेक्षा त्याचे पूर्वज जुने. टनामागे जवळपास १९ हॉर्सपॉवर पडायची आणि तेवढ्यावर तो बऱ्यापैकी पळायचा.

मग सुधारणा सुरू झाल्या. रात्री पाहायला आधी तोफेशेजारी इन्फ्रारेडचा दिवा होता. पण तो लावला की तशीच दुर्बीण असलेल्या शत्रूला आपणच दिसायचो. अंधारात बॅटरी घेऊन चोर शोधायला निघाल्यासारखं. त्या जागी थर्मल दुर्बीण आली. ती उष्णता बघते, स्वतः काही फेकत नाही. पुढच्या अंगाला स्फोटक चिलखताच्या विटा लागल्या. त्या घडवल्या आपल्या पुण्यातच, सुतारवाडीच्या एचईएमआरएल या संरक्षण प्रयोगशाळेत. दोन पत्र्यांमध्ये स्फोटक भरलेलं. क्षेपणास्त्राची वितळल्यासारखी धार येऊन आदळली की वीट फुटते, पत्रे उडतात आणि धार मोडते. डोक्यानं केलेलं काम आहे. आग विझवणारी यंत्रणा आली, जीपीएस आलं. प्रत्येक गोष्ट गरजेची होती, आणि प्रत्येकीला वजन होतं, वायर होती, बॅटरी होती. गाडी ४३ टनांकडं गेली, इंजिन मात्र ७८० वरच.

उन्हाचा हिशेब कोणी धरत नाही. राजस्थानात महाजनच्या रेंजवर दुपारी पोलादाला हात लावला की कातडी चिकटते. नाजूक काचा आणि इलेक्ट्रॉनिक्स त्यात कोंबायचं. टी-९० या नंतरच्या रणगाड्याच्या थर्मल दुर्बिणीही सुरुवातीला तिकडच्या उन्हात रुसल्या होत्या, ते पेपरातही आलं.

"मग इंजिन बदलावं," आबा म्हणाले.

तेच चाललंय. मार्च २०२५ मध्ये आपल्या सरकारनं रशियाशी २४.८ कोटी डॉलरचा करार केला: टी-७२ साठी १००० हॉर्सपॉवरची इंजिनं, आणि ती आवडीत बनवायचं तंत्रज्ञानही. हिशेब टनामागे २३ वर जातो. पण इंजिन दांडगं आलं की गिअरपेटीला विचारावं लागतं, रेडिएटरला विचारावं लागतं, ट्रॅकच्या पिनांना विचारावं लागतं. आणि मूळ गाडीचा रिव्हर्स गिअर ताशी जेमतेम ४ किलोमीटरचा. पुढे वाघ, मागे सरकताना आजारी म्हातारा.

साडेअकरा. भाचा मोबाइल घेऊन आला. युक्रेनमधल्या रणगाड्यावर जाळीचा मांडव.

"मामा, हे काय, कोंबड्यांचं खुराडं?"

ड्रोन वरून येतं आणि टरेटचं, म्हणजे तोफेच्या फिरत्या घुमटाचं, डोकं पातळ असतं, म्हणून जाळी. हसू नकोस म्हटलं. चार पैशांच्या जाळीनं माणूस वाचत असेल तर माझा तिला सलाम. पण टी-७२ मध्ये २२ गोळे आणि त्यांची दारू माणसांच्या पायाखाली चक्राकार मांडलेली असते. गोळे भरायला चौथा माणूस लागू नये, गाडी बुटकी राहावी, म्हणून केलेली ती करामत. तिथं आग पोहोचली की टरेटच उडतं. १९९१ मध्ये इराकमध्ये दिसलं, आता युक्रेनमध्ये दिसतं. याला वरून विटा लावून इलाज नाही, अख्खी गाडीच नव्यानं आखावी लागते. सप्टेंबर २०२४ मध्ये १७७० नव्या रणगाड्यांच्या खरेदीला तत्त्वतः मंजुरी मिळाली ती त्यासाठीच. ते येईपर्यंत सीमेवर अजेयच उभा राहणार. मी अजून नोकरीत असतो तर नव्या गाडीची वाट पाहत बसलो नसतो. आहे तिचे ब्रेक बघितले असते.

दोन. खोडदला एक ट्रॅक्टर बंद पडला म्हणून गेलो. शेतामागं जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तबकड्या. सगळ्या मिळून ३०, १९९० च्या दशकात उभारलेल्या. गेल्या दशकात त्यांचंही नूतनीकरण झालं: तबकडी तीच, कान नवे. एका वेळी ३२ मेगाहर्ट्झचा पट्टा ऐकायचे ते आता ४०० चा ऐकतात. मला मौज वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. तबकडीच्या नाभीवर ते कान ज्या फिरत्या चौकटीवर बसतात, तिलाही टरेटच म्हणतात. नवे कान त्या जुन्या टरेटवरच मावायला हवे होते. तिथल्या इंजिनिअरांनी रात्री कशा काढल्या असतील, हे मला न भेटताही कळतं.

ट्रॅक्टरचा डिझेल फिल्टर तुंबलेला होता. वीस मिनिटांचं काम.

सहा. आबांच्या ट्रॅक्टरचे ब्रेक नवे घातले, पुढं वजनं लावली. तेवढंच करीन म्हणून सांगितलं होतं.

साडेसात. शटर ओढताना आबांचा फोन. हजारचाच ब्लोअर घेतला म्हणाले, मंचरवरून, उद्या येतोय.

"आबा, सकाळपासून काय बोललो मी?"

"ऐकलं ना. म्हणून सहाशेच लिटर भरणार आहे."

"मग हजारची टाकी कशाला?"

"शेजाऱ्यानं आणलीय."